अन्नसाहाय्याचे आकडे आणि अर्थस्थिती

सरकारी अन्नसाहाय्य घेणाऱ्यांची संख्या वाढली की दारिद्र्य वाढले आणि ती घटली की सुबत्ता आली, असे अनुमान वारंवार केले जाते. ते कितपत ग्राह्य मानावे, याचा विचार येथे दोन देशांच्या उदाहरणांवरून करावयाचा आहे.

अमेरिकेतील ‘फूड स्टँप’ योजनेस १९६४ च्या कायद्याने स्थायी रूप आले. २००८ मध्ये तिचे नाव बदलले. उत्पन्नाच्या व इतर अटी पुऱ्या करणाऱ्यांस तेथे साहाय्य मिळते. त्यांच्या एकूण संख्येस मर्यादा नाही. म्हणूनच मंदीचे पडसाद या योजनेत उमटतात. २००८ साली सरासरी २ कोटी ८२ लाख लोक तिचा लाभ घेत होते. २०१३ साली ही संख्या ४ कोटी ७६ लाखांवर गेली. परंतु बेकारीने १० टक्क्यांचा उच्चांक गाठला, तो ऑक्टोबर २००९ मध्येच. बेकारी ओसरू लागल्यावरही संख्या वाढत राहिली. कारण काम पुन्हा मिळाले, तरी पूर्वीचे वेतन मिळतेच असे नाही. शिवाय नियमही काहीसे शिथिल झाले होते. उलट, १९९४ ते २००० या काळात ही संख्या २ कोटी ७५ लाखांवरून १ कोटी ७२ लाखांवर आली. त्या घटीस भरभराट जशी कारण झाली, तसे १९९६ च्या कायद्याचे निर्बंधही झाले.

आपल्याकडील स्थिती निराळी आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ आणि नागरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत मर्यादा घातली. २०११ च्या जनगणनेनुसार ही संख्या सुमारे ८१ कोटी होते. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. त्यामुळे पुढेही अनेक वर्षे मर्यादा जुन्याच लोकसंख्येवर मोजली गेली. २०२० च्या टाळेबंदीत अनेकांचा रोजगार गेला, तरी या मर्यादेचा आकडा हलला नाही. यादीतील माणसांस जादा धान्य मिळाले; पण यादीबाहेर राहिलेल्याची भूक त्या आकड्यात उमटली नाही.

तात्पर्य, पहिला आकडा अर्थस्थितीविषयी बोलतो, पण विलंबाने व नियमांच्या मिश्रणाने. दुसरा मुख्यतः कायद्याविषयीच बोलतो. शब्दाचा अर्थ जसा संदर्भावाचून ठरत नाही, तसाच आकड्याचाही. म्हणून अभ्यासकाने प्रथम विचारावयाचे ते हे, की ज्याला गरज होती, त्याला या मोजणीत येण्याची वाट मोकळी होती काय?