श्वासाचे ठिपके

हिऱ्याच्या सुरीला लागून पाण्याचा इवलासा हौद असतो. रेझिनचा ठोकळा वरून खाली येतो, धारेवरून जातो आणि कापलेला छेद पाण्यावर तरंगायला लागतो. तो सोनेरी दिसला तर जाड झाला. राखाडी दिसला तर फार पातळ. चंदेरी हवा, म्हणजे साधारण साठ ते नव्वद नॅनोमीटर. केसाच्या जाडीचा जेमतेम हजारावा भाग! तो मोजायला पट्टी नसते. पाण्यावर उमटलेला रंग हीच पट्टी. चिमटा लावला तर छेद फाटतो, म्हणून काडीच्या टोकाला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने तो हलकेच सरकवायचा. हे सगळं श्वास रोखून करायचं, कारण एक उच्छ्वास लागला तरी छेदांची रांग विस्कटते.

ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काम करते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ते उंच यंत्र येतं. माझा बहुतेक वेळ मात्र त्या यंत्रापाशी पोचण्याआधीच जातो.

उंदराच्या यकृताचे मिलिमीटरभर तुकडे करून ते लगेच अडीच टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये टाकायचे, म्हणजे पेशी होती तशी थबकते. मग ऑस्मियम टेट्रॉक्साइड. त्याची वाफ डोळ्यांना घातक, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्येच होतं. मेदाच्या पटलांना तो धरतो आणि तुकडे काळेठिक्कर पडतात. यंत्राच्या नळकांड्यात निर्वात असतो, तिथे पाण्याला जागा नाही. म्हणून वाढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन तुकड्यातलं पाणी काढायचं, त्या जागी रेझिन भरायचं आणि साठ अंशांच्या ओव्हनमध्ये दोन दिवस ठेवायचं. आठवडा कसा गेला ते कळत नाही.

छेद इतका पातळ का? इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जायला हवेत म्हणून. पण पेशी बनते कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंची, आणि ते इलेक्ट्रॉनांना फारसे अडवत नाहीत. म्हणून तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, घेतलेल्या छेदाला युरेनिल अ‍ॅसिटेट आणि लेड सायट्रेट या जड धातूंच्या क्षारांचं रंजन द्यावं लागतं. जिथे धातू बसतो तिथे इलेक्ट्रॉन विखुरतात आणि पडद्यावर काळं उमटतं. थोडक्यात, आपण पाहतो तो पेशीवर बसलेला धातू.

हे वाक्य मी पुस्तकात वाचलं होतं. त्याचा अर्थ मला कळला तो पहिल्या वर्षी.

रात्रभर उपाशी ठेवलेल्या उंदराचं यकृत होतं. अंधाऱ्या खोलीत हिरव्या पडद्यावर पेशी उघडली: मायटोकाँड्रियांच्या आतल्या घड्या, रायबोसोमांनी जडलेली पटलं. आणि सगळीकडे गडद काळे ठिपके. यकृतात ग्लायकोजेन असंच, शिशाचं रंजन घेऊन, काळ्या पुंजक्यांनी दिसतं. उपासानंतरही इतकं ग्लायकोजेन शिल्लक! मी हरखून फोटोंमागून फोटो घेत सुटले.

आमच्या अनुभवी तंत्रज्ञ बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, केंद्रकावरसुद्धा आहेत की हे. आणि जरा बाजूला सरका बघू, पेशी संपते तिथं."

सरकले. पेशी संपली, नुसतं रेझिन उरलं. ठिपके तिथेही होते.

ते होतं लेड कार्बोनेट. लेड सायट्रेटला हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड चालत नाही. दोन्ही भेटले की साका धरतो, तो पडद्यावर काळा दिसतो. म्हणून रंजन करताना बशीत सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवतात, कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घ्यायला. पाणी उकळून निववलेलं घेतात आणि झाकण उघडताना तोंड बाजूला करतात. मी ग्रिड नीट ठेवायला वाकून, अगदी जवळ तोंड नेऊन, काम केलं होतं. ज्याला मी उंदराचं ग्लायकोजेन समजले, तो माझाच श्वास होता.

अशी फसगत एकट्यादुकट्याची नसते. जिवाणूंच्या छेदांत पटलाची आत वळलेली वेटोळी दिसत. त्यांना मेसोसोम हे नाव मिळालं, कार्य जोडलं गेलं, पाठ्यपुस्तकांत आकृत्या आल्या. पुढे 1970च्या दशकात रसायनं न वापरता जिवाणू झटकन गोठवून पाहिले, तेव्हा ती वेटोळी नाहीशी झाली. ती स्थिरीकरणाच्या रसायनांनी घडवली होती.

म्हणूनच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने 2020 साली प्रसिद्ध केलेलं कोरोना विषाणूचं चित्र मला मोलाचं वाटतं. केरळमधल्या, देशातल्या पहिल्या रुग्णाच्या घशातला नमुना, आणि त्यात कोरोना विषाणूची लक्षणं दाखवणारे फक्त सात कण. त्यांतला एक उत्तम टिकलेला, 75 नॅनोमीटरचा. पडद्यावर गोल ठिपके काय, हजार दिसतात. त्यांतून हे सातच मोजायचे आणि तेवढेच सांगायचे, यातली शिस्त मला त्या ठिपक्यांनी शिकवली.

आता नवी ग्रिड आत सरकवली, निर्वात साधला, झोत स्थिरावला, की मी आधी पेशीकडे जात नाही. छेदाच्या कडेला, कोऱ्या रेझिनवर जाते आणि मोठं करून पाहते. तिथे काहीच दिसलं नाही, तरच पेशीत जे दिसेल ते पेशीचं.