वहीत न चढलेली बाळे

रोजचा जमाखर्च लिहिला नाही, तर घट कोठून आली हे वर्षअखेरीस सापडत नाही, हे आपल्या पेढ्यांना सांगावयास नको. बाळांच्या जन्मजात दोषांनाही हाच न्याय लागू पडतो.

१९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध विक्रीस आले. गरोदरपणातील मळमळीवरही ते दिले जाऊ लागले आणि पुढे हातापायांची वाढ खुंटलेली बाळे जन्मू लागली. एकेका डॉक्टरच्या पाहण्यात एखाददुसरेच बाळ येई. सर्वांची बेरीज मांडणारी वही मात्र कोठेच नव्हती. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी मातांकडे बारकाईने चौकशी केली, तेव्हा औषधावर बोट ठेवता आले. नोव्हेंबर १९६१मध्ये ते तेथील बाजारातून निघाले. तोवर जगभरातील हजारो बालके बाधित झाली होती.

यानंतर ठिकठिकाणी कायमच्या नोंदी सुरू झाल्या. अमेरिकेत अटलांटा येथे १९६७ साली. फ्रान्समधील लियाँच्या नोंदींतून १९८२ साली एलिझाबेथ रोबेर यांना दिसले की, पाठीचा कणा उघडा राहिलेल्या बाळांच्या मातांत व्हॅल्प्रोएट हे अपस्मारावरील औषध घेणाऱ्या अपेक्षेहून अधिक आहेत. सुटेसुटे पाहिले असते तर तो योगायोगच वाटला असता. अशा नोंदीत एकूण जन्मांचा आकडाही लागतो. एकूण कर्जाशी ताडल्यावाचून बुडीत कर्जाच्या रकमेला काय अर्थ?

आपल्याकडे २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नवजात बाळांची अशी तपासणी होते. दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयदोष हे त्यात पाहिले जातात. परंतु पुढे मुलांच्या सोयरिकी अडतील या धास्तीने सुशिक्षित घरांतही असे बाळ दडवले जाते. मला ही प्रतिष्ठा फार महाग वाटते.

कण्याची नळी गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत मिटते. पुष्कळ स्त्रियांना तोवर दिवस राहिल्याचेही कळलेले नसते. म्हणून फॉलिक ॲसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आधीपासूनच घ्यावी लागते. ज्या मातेचे आधीचे बाळ असे होते, तिला याच्या दसपट मात्रा दिल्यास पुन्हा तसे घडण्याचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी घटतो, हे १९९१च्या ब्रिटिश संशोधनाने दाखवले. ती मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची असते. आधीचे बाळ सासरच्यांनी दडवले असेल, तर सुनेच्या हाती साधी गोळीच पडते.