डोक्यावरचे दिवे

आज ऑर्बिटल या इंग्लिश इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जोडीचा 'इन साइड्स' हा अल्बम आणि सौरऊर्जा यांवर लिहीन, असं कबूल केलं होतं. ते पुढं ढकलतोय. साताऱ्याच्या एका वाचकांचं पत्र आलंय. ते विचारतात, ऑर्बिटलचे हे दोघे भाऊ स्टेजवर डोक्याला दिवे लावून का उभे राहतात? आणि सगळं यंत्रंच वाजवत असतील, तर हे तिथं नेमकं करतात काय? प्रश्न दोन आहेत, पण पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात दडलंय.

हे दिवे म्हणजे चष्म्याच्या दोन काड्यांना बसवलेले छोटे टॉर्च. मागं पडद्यावर चित्रं सुरू, प्रेक्षकांवर झोत फिरताहेत आणि यंत्रांच्या गराड्यात मात्र मिट्ट काळोख. तिथं फिल आणि पॉल हार्टनोलना शेकडो बटणांमधलं हवं ते बटण सापडायला हवं, तेही दोन्ही हात मोकळे ठेवून. पुढं ते टॉर्च त्यांची ओळख झाले, टी-शर्टांवर छापले गेले. पण मुळात ती निव्वळ सोय होती.

आता बटणांकडे येऊ. अलेसिस कंपनीचा एमएमटी-8 हा सीक्वेन्सर 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. त्याला स्वतःचा आवाज नाही. कुठला सूर कधी आणि किती वेळ वाजवायचा, एवढंच तो लक्षात ठेवतो आणि सिंथेसायझरला हुकूम सोडतो. त्याला आठ ट्रॅक आणि प्रत्येक ट्रॅकचं वेगळं बटण. गाणं चालू असतानाच बटण दाबलं की बेस गप्प, पुन्हा दाबलं की बेस हजर. असे अनेक सीक्वेन्सर हे भाऊ एका तालात बांधून घेत. म्हणजे सूर आधी ठरलेले, पण गाण्याची बांधणी जागेवर. कीर्तनकाराला अभंग पाठच असतो; कुठल्या चरणावर रेंगाळायचं आणि टाळकऱ्यांना कधी सोडायचं, हे तो समोरची मंडळी बघून ठरवतो. तसंच हे. प्रेक्षक तापले नसतील तर ड्रम आणखी थोडा वेळ दाबून धरायचा. तापले असतील तर सगळं काढून घ्यायचं, एकच धून उरू द्यायची आणि मग एकदम सोडायचं.

म्हणूनच त्यांच्या 'हॅल्सियन' या गाण्याच्या प्रयोगात मध्येच बॉन जोव्ही आणि बेलिंडा कार्लाइल यांच्या गाजलेल्या रॉक-पॉप गाण्यांचे तुकडे घुसायचे. स्टुडिओतल्या त्या तरल, हळव्या गाण्यात हा वात्रटपणा! मला विचाराल तर तो हवाच. 'सेटन'चं तर आणखी गमतीचं. 1991 साली आलेल्या या गाण्याची प्रत्यक्ष कार्यक्रमातली ध्वनिमुद्रणं 1997 मध्ये सिंगल म्हणून निघाली आणि ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचली. नुसती प्ले कळ दाबून टेप सोडली असती, तर ही वेगळी आवृत्ती आली कुठून असती?

नुसतं उभं राहणं कसं असतं, तेही त्यांनी दाखवलंय. 1990 मध्ये त्यांचं 'चाइम' हे गाणं गाजल्यावर बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. तिथं बहुतेक कलाकार वाजवल्याचा नुसता अभिनय करत. या दोघांनी तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या पोल टॅक्सचा निषेध करणारे टी-शर्ट घातले आणि कामात गढल्याचं फारसं सोंगही केलं नाही. बोटांना काम नाही, तर निदान छातीवरच्या अक्षरांना तरी असू दे!

याच्या अगदी उलट जून 1994 चा ग्लास्टनबरी महोत्सव. रात्रीची वेळ, एनएमई स्टेज, समोर अफाट गर्दी आणि काळोखात हलणाऱ्या प्रकाशाच्या दोन जोड्या. गिटारवाल्यांच्या त्या महोत्सवात इलेक्ट्रॉनिक संगीताला हक्काची जागा मिळाली ती त्या रात्रीमुळं, असं इंग्लंडातले जाणकार आजही सांगतात. चॅनल फोरनं त्याच वर्षी महोत्सव टीव्हीवर दाखवला, त्यामुळं ही कीर्ती घराघरांत गेली. मला त्या चित्रफितीत हातांपेक्षा माना बघायला आवडतात. दिव्यांच्या जोडीवरून कळतं, आता पॉल कुठल्या यंत्राकडे वळला, फिलनं मान वर करून गर्दीचा अंदाज कधी घेतला. यंत्र वाजवणाऱ्याचं काम इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं.

2010 मध्ये त्याच महोत्सवात 'डॉक्टर हू' मालिकेची धून वाजवताना त्यांनी मालिकेतला त्या वेळचा डॉक्टर, मॅट स्मिथ, यालाच स्टेजवर बोलावलं. तोही टॉर्चचा चष्मा लावून आला. त्या धुनेमागं डीलिया डर्बिशायर नावाची विलक्षण बाई आहे. तिच्यावर वेगळा हप्ता लिहिणारच आहे, पण सौरऊर्जेनंतर.

तोवर सातारकरांनी 'सेटन'च्या 1991 आणि 1997 च्या आवृत्त्या लागोपाठ ऐकाव्यात आणि ड्रम कुठं कुठं उशिरा सोडलाय ते मला कळवावं.