जुनं ऑइल शुद्ध करून विकतात, ते ट्रॅक्टरला चालेल का?

ट्रॅक्टर, पिकअपसाठी स्वस्त ऑइल घ्यावं का, असं बरेच सभासद विचारतात.

✅ ऑइल स्वतः झिजत नाही. त्यात काजळी, धातूचा कीस, डिझेल मिसळतं आणि अ‍ॅडिटिव्ह संपतात. कारखान्यात वाफ करून शुद्ध केलेलं, नवीन अ‍ॅडिटिव्ह घातलेलं री-रिफाइन्ड ऑइल चालतं. फक्त सीलबंद डब्यावर मॅन्युअलमधलाच ग्रेड हवा, उदा. १५डब्ल्यू-४०, सीआय-४.

❌ नुसतं गाळलेलं सुटं ऑइल नको. बारीक काजळी फडक्यात अडकत नाही. बेअरिंग, रिंगा जातात. चार पैसे वाचवायला जाल अन् ऐन पेरणीत इंजिन खोलावं लागेल.

⚠️ निघालेलं ऑइल बांधावर, विहिरीजवळ ओतू नका. कॅनमध्ये साठवून अधिकृत संकलकालाच द्या. रिकामा डबा भोक पाडूनच भंगारात टाका, नाहीतर त्यातच भेसळ भरून विकतात.

– आपला कृषी सल्लागार