कुलूप आणि किल्ली : लेखांक ७ – वाचणं आधी, विश्वास नंतर

संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची एखादी पेम फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा. वर पाच आडव्या रेघांमध्ये 'बिगिन सर्टिफिकेट', खाली तशाच रेघांमध्ये 'एंड सर्टिफिकेट', आणि मधे अक्षरांचं जंगल. दुसऱ्या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र उघडा, तिसऱ्याचं उघडा. जंगल बहुतेक वेळा एम-आय-आय याच अक्षरांनी सुरू होतं. असं का? मागच्या लेखांकानंतर बऱ्याच वाचकांना पडेल असा हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मिळालं की फाइलची अर्धी रचना कळते.

पेम हे नाव आलं 'प्रायव्हसी एन्हान्स्ड मेल' या १९९३ च्या योजनेतून. सुरक्षित ई-मेलची ती योजना रुजली नाही, पण तिचं वेष्टन टिकलं. तेव्हाच्या ई-मेलमधून कच्चे बाइट सुखरूप जातील याची खात्री नसे, म्हणून दर तीन बाइटांची चार साधी अक्षरं करायची. यालाच बेस-६४ म्हणतात. ६४ अक्षरांच्या एका ओळीत ४८ बाइट मावतात. वेष्टन सोडवलं की आत सापडतं डीईआर. त्यात प्रत्येक गोष्ट आधी आपला प्रकार सांगते, मग लांबी, मग मजकूर. प्रमाणपत्र म्हणजे एक मोठा 'सीक्वेन्स', त्याची खूण हेक्समध्ये ३०. पुढचा ८२ सांगतो की लांबी पुढच्या दोन बाइटांत आहे. ३० ८२ आणि त्यापुढे ०३ किंवा ०४ सारखा छोटा बाइट, यांचं बेस-६४ केलं की एम-आय-आय मिळतं. एलिप्टिक कर्व्हची लहान किल्ली १२८ बाइटांच्या आत बसते, तिची लांबी एकाच बाइटात मावते, म्हणून तिची सुरुवात वेगळी दिसते.

आता हीच फाइल सी भाषेतल्या प्रोग्रॅममधून वाचू. ओपनएसएसएल ही लायब्ररी वापरत असाल तर पेमसाठी 'पेम-रीड-बायो' या घराण्यातली फंक्शन्स आहेत, आणि कच्च्या डीईआरसाठी 'डी-टू-आय' घराणं. पेमचा रस्ता सोपा. एकच सांगून ठेवतो: खासगी किल्लीला पासफ्रेज असेल आणि तुम्ही कॉलबॅक दिला नसेल, तर लायब्ररी टर्मिनलवर पासफ्रेज विचारत थांबते. सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये हे चालणार नाही.

डीईआरकडे जरा थांबून पाहू. फाइल बफरमध्ये आणली की तिची लांबी स्वतः सांभाळायची. स्ट्रलेनला विचारायचं नाही. ते पहिल्या शून्यापाशीच थांबतं, आणि या बाइटांमध्ये शून्य सर्रास येतं. २०४८ बिटांच्या आरएसए मोड्युलसच्या पुढे तर शून्याचा एक बाइट मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर ती संख्या ऋण वाचली जाईल. दुसरी गोष्ट अधिक नाजूक. डी-टू-आयला बफरचा पॉइंटर नव्हे, त्या पॉइंटरचा पत्ता द्यायचा असतो, आणि वाचन यशस्वी झालं की फंक्शन तो पॉइंटर वाचलेल्या भागाच्या पलीकडे सरकवतं. बफरचा मूळ पॉइंटरच दिलात आणि शेवटी त्यावर फ्री मारलंत, तर मॅलकने दिलेल्यापेक्षा वेगळाच पत्ता तुम्ही परत करता. म्हणून मूळ पॉइंटर जपावा, त्याची प्रत द्यावी. मला हे सरकणं आवडतं, कारण त्यातून फुकट एक तपासणी मिळते: वाचन संपल्यावर प्रत बफरच्या शेवटी पोचली का? नसेल, तर प्रमाणपत्रामागे आणखी काहीतरी चिकटलेलं आहे.

एवढी काळजी कशाला, प्रमाणपत्रावर सही असतेच ना, असं वाटू शकतं. पण सही तपासायची तर आधी प्रमाणपत्र वाचावं लागतं. वाचणाऱ्या कोडपुढे येणारा प्रत्येक बाइट अनोळखी माणसाने लिहिलेला असू शकतो. मार्च २०२२ मध्ये हे जगाला दिसलं. गूगलच्या टॅव्हिस ऑरमंडी यांना ओपनएसएसएलमध्ये एक दोष सापडला. प्रमाणपत्रात एलिप्टिक कर्व्हचे आकडे नाव न घेता थेट लिहिता येतात. तिथे अविभाज्य संख्येऐवजी भलतीच संख्या घातली, की वर्गमूळ काढणारं फंक्शन कायमचं फिरत राही. प्रोग्रॅम सहीपर्यंत पोचतच नसे. १.१.१-एन आणि ३.०.२ या आवृत्त्यांत तो दुरुस्त झाला.

ओपनएसएसएलमधलाच फेब्रुवारी २०२३ मध्ये उघड झालेला आणखी एक दोष दिसायला क्षुल्लक आणि सी शिकणाऱ्यासाठी फार मोलाचा. पेम फाइलला सुरुवातीची आणि शेवटची ओळ आहे, मधे काहीच नाही. अशी फाइल वाचताना आतलं फंक्शन 'जमलं नाही' असं सांगे, पण हेडरसाठी दिलेल्या पॉइंटरमध्ये आधीच सोडून दिलेल्या स्मृतीचा पत्ता ठेवून जाई. बोलावणारा प्रोग्रॅम शिस्तीचा असेल, तर तो अपयशाच्या वाटेवरही साफसफाई करी, आणि तीच स्मृती दुसऱ्यांदा सोडली जाई. इथे चूक लायब्ररीची होती, वापरणाऱ्याची नव्हे. फंक्शन हरलं तेव्हा त्या वस्तूचा मालक कोण, हे दोघांना सारखं माहीत नव्हतं, इतकंच.

या आठवड्यात तुमच्या प्रोग्रॅमला अशीच पोकळ पेम फाइल द्या. मग प्रमाणपत्राचे शेवटचे दहा बाइट कापलेली डीईआर फाइल द्या, आणि मग शेवटी दहा बाइट जोडलेली. तिन्ही वेळा कम्पायलरचा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालू ठेवा. तिन्ही फाइली नीट नाकारल्या गेल्या, की पुढच्या लेखांकात एकाच फाइलमधली प्रमाणपत्रांची अख्खी साखळी वाचायला घेऊ.