सलाफहादाच्या कन्या व आदिवासी स्त्रीचे वतन

उज्जैनच्या पश्चिमेस झाबुआकडील भिल्ल गावांत सेवेस जाणाऱ्या धर्मशिक्षकाने गणना २७ जवळ ठेवावे. सलाफहादाच्या पाच कन्यांनी मोशेकडे बापाचे वतन मागितले व त्यांचे म्हणणे रास्त ठरले. हिंदू वारसा कायदा, १९५६ मात्र कलम २(२) अन्वये अनुसूचित जमातींस लागू नाही. तेथे रूढी चालते. रूढी मौन असेल तर? १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगढमधील एका गोंड स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. स्त्रीला वगळणारी रूढी कोणी सिद्धच केली नव्हती. जमीन कुळाबाहेर जाईल, ही भीती आम्ही खोटी म्हणत नाही. गणना ३६ तिचीच दखल घेते. परंतु तेथे कन्यांच्या विवाहावर बंधन आले (तेही हलके नव्हे), वतन कोणी काढून घेतले नाही.