चाळिशीनंतर तबला : डोकं पुढं, हात मागं

सीमाभागातल्या भजनी मंडळांची एक अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गावांत पेटी वाजवणारे दोन-तीन सापडतात, ठेका धरणारा बहुतेक वेळा एकच. तो नोकरीसाठी पुण्याला गेला की गुरुवारचं भजन नुसत्या टाळांवर ओढावं लागतं. मग मंडळातलंच कुणीतरी पन्नाशीचं विचारतं, आता मी शिकलो तर जमेल का?

जमतं. पण पोरांना जमतं तसं नाही. लहान मुलाला ताल कळायच्या आधी हात वळतो. मोठ्यांचं उलटं. ‘धा धी ना, धा ती ना’ हा सहा मात्रांचा दादरा पाच मिनिटांत समजतो, वहीत उतरवून होतो, आणि हात मात्र महिनोन्‌महिने ऐकत नाही. कळलंय तरी येत नाही म्हणजे आपलं वय झालं, असं समजून अनेकजण इथंच सोडतात. वयाचा दोष थोडा, घाईचा जास्त.

‘धा’ हा एक आघात नाहीच, उजव्या हाताचा ‘ना’ आणि डाव्याचा ‘गे’ मिळून तो होतो. उजवी तर्जनी तबल्याच्या किनारीवर पडते तेव्हा अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली हवी. डावं मनगट डग्ग्यावर टेकवून बोटांनी मारायचं आणि लगेच बोटं उचलायची, नाहीतर घुमत नाही. दोन्ही एकाच क्षणी पडले तरच ‘धा’. पुढं ‘धी’ला डग्गा आहे, ‘ती’ला नाही. उजवा चालू, डावा गप्प, ही सवय अंगात मुरायला वेळ लागतो. गोव्याचे लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरत. आपल्याला तिथवर जायचं नाही, अभंगाच्या समेवर गाठ पडली तरी पुष्कळ!

यावरचा जुना उपाय म्हणजे पढंत. बोल आधी तोंडानं म्हणायचे, हातानं टाळी आणि खाली दाखवायची. बसमध्ये, दुकानात गिऱ्हाईक नसताना, कुठंही होतं. जे तोंडात अडखळतं ते हातात येणार नाही. मग वाजवताना सेकंदाला एक मात्रा, त्याहून जलद नको. मोबाइलवर लेहरा लावा, पण त्याची लय वाढवायचा मोह आवरा. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं बरी. मनगट किंवा खांदा दुखला तर त्या दिवशी थांबायचं. मांडी घालून बसवत नसेल तर खुर्ची आणि स्टँड घ्या. काही गुरुजींना ते रुचत नाही, पण गुडघे तुमचे आहेत.

विकत घेताना मंडळ कुठल्या पट्टीत गातं ते आधी बघा. पुरुषांचं भजन असेल तर साधारण काळी एकचा तबला चालतो, बायकांच्या मंडळाला त्यांच्या पट्टीचा लागतो. वारकरी भजनासाठी पखवाजच हवा असेल तर थेट पखवाज शिका. तिथं उघड्या पंजाची थाप असते, डाव्या तोंडाला कणीक लावायची असते, हाताची ठेवणच वेगळी. आधी तबला, मग पखवाज, हा वळसा मोठ्या माणसानं घेऊ नये.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, पोरांच्या शेजारी बसून मोठी माणसंही त्या देतात. पहिल्या वर्षी त्याच्या मागं लागायची गरज नाही.

दोन-तीन ठेके न चुकता दहा मिनिटं चालू लागले की मंडळात बसायला हरकत नाही. गाणाऱ्याला मात्र आधीच सांगून ठेवा की लय वाढवू नका. भजन रंगलं की ती वाढतेच. तेव्हा बोटं लपेटता येईनात तर दर आवर्तनाला नुसती सम द्या, टाळकरी सांभाळून घेतात.